एमए-पीएचडीचं वाचन संपता संपत नाही? ज्युनियर्स नेहमी विचारतात ते प्रश्न

जुलै संपत आला की माझ्या व्हॉट्सॲपवर एकच मेसेज वेगवेगळ्या नावांनी यायला लागतो, "ताई, एवढं सगळं वाचायचं कसं ग?" मग मी प्रत्येकाला तीच सात-आठ मिनिटांची व्हॉइस नोट पाठवते जी कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही. म्हणून आता एकदाच लिहून ठेवतेय. माझ्याबद्दल एवढंच की एमए इतिहासात केलं, आता पीएचडीचं चौथं वर्ष, विषय गावकरी (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी गोव्यातली जुनी संस्था, पोर्तुगीज नाव कोमुनिदाद) आणि जमिनीचा. घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात. सायन्सवाल्यांना काही गोष्टी वेगळ्या लागतील, तिथे तसं सांगितलंय.

सगळं वाचायचं असतं का खरंच?

नाही. आणि हे कोणी सांगत नाही हीच खरी अडचण आहे. पहिल्या सेमिस्टरला एका सरांनी चौदा पानांची रीडिंग लिस्ट दिली होती, मी ती क्रमाने वाचायला घेतली, एक नंबरपासून, शाळेत धडे करतात तशी. गणपतीपर्यंत मी सहाव्या नंबरला होते आणि वर्ग तिकडे पाचव्या युनिटला पोचला होता. शेवटी धीर करून सरांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, "अगो ती यादी वाचायला नाही, ती शोधायला आहे." म्हणजे एखादा प्रश्न पडला तर त्याचं उत्तर कुठे असू शकेल एवढं कळावं म्हणून यादी असते. बाजारात गेल्यावर आपण सगळी मासळी घेत नाही ना, सगळ्या टोपल्या बघतो, भाव विचारतो आणि सुंगटं घेऊन घरी येतो.

फक्त एक लक्षात ठेवा, वर्गात चर्चेला ठेवलेला लेख आणि तुमच्या प्रेझेंटेशनचा लेख यात पळवाट नाही, तो नीट वाचायचाच. बाकीच्यातलं किती वाचायचं ते तुमचा प्रश्न ठरवतो.

आठवड्याला नेमका किती वेळ लागतो? मला वाटतं मीच स्लो आहे.

चला हिशोब करू. सेमिस्टरला चार पेपर धरा (आपल्याकडे विषयालाही पेपर म्हणतात, परीक्षेलाही पेपर, जर्नलमधल्या लेखालाही पेपर आणि सकाळी दारात पडतो तोही पेपरच, त्यामुळे "पेपर वाचतेय" म्हटलं की आईला वाटतं राशीभविष्य चाललंय). प्रत्येक विषयाला आठवड्याला दोन लेख आणि एखादं प्रकरण, म्हणजे साधारण ७५ पानं, चौघांची मिळून ३००. एका पानावर ४०० शब्द धरले तर १ लाख २० हजार शब्द. इंग्रजीत साधं नॉन-फिक्शन मनात वाचताना मोठी माणसं मिनिटाला सरासरी २३८ शब्द वाचतात, हा आकडा मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून काढलाय. त्या वेगाने साडेआठ तास होतात. ऐकायला बरं वाटतं. पण तो वेग सरळसोट मजकुराचा आहे, फुको या फ्रेंच तत्त्वज्ञावर लिहिलेल्या लेखाचा नाही. मी एकदा मोबाईलवर टायमर लावून स्वतःचं मोजलं तर नोट्स घेत वाचताना एका पानाला चार मिनिटं लागत होती. ३०० पानं गुणिले चार म्हणजे वीस तास, वर लेक्चर्स, आयएसएच्या (सेमिस्टरमधल्या अंतर्गत मूल्यमापनाच्या) असाइनमेंट्स, आणि माझा रोजचा चार तासांचा बसप्रवास.

तर तुम्ही स्लो नाही. गणितच जुळत नाहीये. तुम्ही पण एकदा दहा पानांवर टायमर लावून बघा, स्वतःचा आकडा कळला की रविवारी रात्री "मी आळशी आहे" असं न वाटता "वीसमधले बारा तास मिळणार, मग त्या बारात काय बसवू" असा विचार करता येतो.

मग स्पीड रीडिंगचा कोर्स करू का? इन्स्टावर जाहिरात येते.

पैसे असतील तर भाजीपाव खा. २०१६ मध्ये कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचं सगळं संशोधन तपासून मोठा आढावा लिहिला होता, त्याचं सार असं की वेग वाढवला की समजणं कमी होतं, अडतं ते डोळ्यांत नाही तर भाषा समजण्यात. जास्त शब्द आणि जास्त विषय माहीत असलेला माणूस जलद वाचतो, बोट फिरवण्याची ट्रिक शिकलेला नाही. वरवर चाळणं ही वेगळी गोष्ट, ती उपयोगाची आहे, पण आपण चाळतोय हे आपल्याला माहीत असायला हवं.

एक लेख हातात आला की नेमकं काय करायचं, स्टेप बाय स्टेप सांग ना.

एस. केशव नावाचे कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक आहेत, त्यांनी २००७ मध्ये दोन-तीन पानांत सांगितलंय की पेपर तीन फेऱ्यांत वाचावा. पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची, नाव, सारांश, प्रस्तावना, मधली शीर्षकं, निष्कर्ष आणि शेवटच्या संदर्भांवर एक नजर. दुसरी तासाभराची, आकृत्या-तक्ते नीट बघायचे पण बारकावे सोडायचे. तिसरीत लेख आतून उसवून बघायचा, त्याला नवख्या माणसाला चार-पाच तास लागतात. खरी गंमत अशी की बहुतेक पेपर पहिल्या फेरीतच खाली ठेवायचे असतात, आणि ते तुम्ही ठरवून ठेवता, दमून नाही.

सायन्सवाल्यांनी सारांशानंतर थेट आकृत्या बघाव्यात, माझी रूममेट मरीन सायन्सची होती ती ग्राफ बघूनच सांगायची की पेपरात दम आहे की नाही. आमच्याकडे ग्राफ नसतात, आमचे लोक मुद्दा तिसऱ्या पानाच्या शेवटच्या परिच्छेदात लपवून ठेवतात. म्हणून मी काय करते तर लेख उघडायच्या आधी कोऱ्या चिठ्ठीवर एक ओळ लिहिते, मला यातून काय हवंय. "गावकऱ्यांच्या जमिनी बाहेरच्यांना कशा गेल्या?" एवढंच. मग पेन्सिल घेऊन पहिली दोन पानं, शेवटची दोन पानं, आणि मधे प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य. जिथे चिठ्ठीवरच्या प्रश्नाचा वास येतो तिथे थांबून नीट वाचते, समासात उभी रेघ. तळटीपा मात्र मी सोडत नाही, कारण इतिहासात माल बऱ्याचदा तळटीपेत असतो. तीस पानांच्या लेखाला असे चाळीस-पन्नास मिनिटं लागतात. चिठ्ठी नसेल तर त्याच तीस पानांना माझे दोन तास जातात आणि शेवटी हातात काही नसतं, हे मी खूपदा करून बघितलंय.

आणि अख्खं पुस्तक?

प्रस्तावना, शेवटचं प्रकरण, आणि अनुक्रमणिकेत तुमच्या कामाचं दिसेल ते एक किंवा दोन. मागची सूची उघडून तुमचा शब्द शोधा, त्याच्यापुढे जास्त पानं असतील तिथे जा. त्या पुस्तकाची दोन-तीन परीक्षणं जर्नल्समध्ये आलेली असतात ती वाचा, दोन पानांत कळतं की भांडण कशावरून आहे. विषयात एक-दोन पुस्तकं मात्र अशी असतात की ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावीच लागतात, ती कुठली ते गाईडला विचारा, हा प्रश्न विचारलेला त्यांना आवडतो.

माझी प्राथमिक शाळा मराठीतून झाली, घरी कोकणी, आता हे इंग्रजी डोक्यात शिरत नाही. माझ्यासारखं कोण असतं का?

अर्धा गोवा. मी पण. चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी, घरात कोकणी, देवळात मराठी भजन, आणि एमएला आल्यावर एकदम "हेजेमनी". मला पहिलं वर्षभर वाटायचं की पणजी-मडगावच्या कॉन्व्हेंटवाल्या मुलांना हे सगळं जन्मतः येतं. नंतर ग्रुपमध्ये कळलं की इंग्रजी त्यांना येतं पण तो लेख त्यांनाही येत नाही. ॲकॅडेमिक इंग्रजी ही कोणाचीच मातृभाषा नाही.

करायचं काय, तर प्रत्येक विषयाचे साठ-सत्तर शब्द असतात जे फिरून फिरून येतात. वहीच्या शेवटच्या पानांवर ते लिहा आणि समोर डिक्शनरीतला अर्थ न लिहिता आपल्या भाषेत, आपल्या गावातलं उदाहरण लिहा. माझ्या वहीत "एजन्सी" (स्वतःच्या मर्जीने वागायची ताकद) या शब्दापुढे लिहिलंय, "सासूने नको सांगितलं तरी मावशीने जे केलं ते". हसू नका, तो शब्द मी परत कधी विसरले नाही. शिवाय लेख इंग्रजीत असला तरी नोंद मराठीत घ्या, कोकणीत घ्या, मिसळून घ्या. इंग्रजी लेखाची इंग्रजी नोंद घेताना आपण नुसतं उतरवतो, न समजताही उतरवता येतं. मराठीत लिहायचं तर आधी समजावं लागतं. आणि एक फायदा नंतर कळतो, थिसिस लिहिताना त्या नोंदीवरून परत इंग्रजी करायचं म्हणजे वाक्यं आपोआप तुमची होतात, प्लेजियरिझमच्या रिपोर्टमध्ये लाल रेघा कमी.

वाचते, पण आठवड्याने काहीच आठवत नाही.

कारण परत वाचता. परत वाचलं की ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला, एक उतारा दिला, मग काहींना तो परत वाचायला दिला आणि काहींना कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी तपासलं तर परत वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर त्यांना ४२ टक्के आठवलं आणि कागदावर लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे लेख संपला की पुस्तक मिटायचं, पाठ करायचं ते नाही हां, मिटायचं आणि आठवेल ते लिहायचं. अडेल तिथे उघडून बघायचं.

माझी एक खरी नोंद देते, कोमुनिदादवरच्या एका लेखाची, जशी वहीत आहे तशी:

"म्हणणं: गावकऱ्या मोडल्या त्या नुसत्या सरकारमुळे नाही, आतूनच शेअर विकायला लागले. पुरावा: तीन गावांचे हिशोब, तिन्ही साष्टीतले. शंका: सत्तरीत असं झालं नसणार, इकडे मोकासे होते, तीन गावांवरून अख्खा गोवा कसा? लागेल कुठे: चॅप्टर ३, सुरुवातीला. पान ११२ची तळटीप बघ, परत बघ!!"

एवढंच. (साष्टी हा दक्षिण गोव्यातला तालुका, मोकासे म्हणजे सरकारने एखाद्याला दिलेली इनामी गावं.) सात-आठ ओळींच्या वर नोंद गेली की मी ती परत वाचत नाही हे मला कळलंय. "शंका" ही ओळ कधी रिकामी सोडू नका, थिसिस त्या ओळीतूनच येतो, माझा तर सरळ त्या "अख्खा गोवा कसा"मधून आला.

हायलाइटर?

एक पान पूर्ण पिवळं झालं असेल तर ते पान तुम्ही वाचलेलं नाही, रंगवलंय. पेन्सिल घ्या.

पीडीएफवर वाचू की झेरॉक्स काढू?

२०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून, त्यात एक लाख एकाहत्तर हजार लोक होते, असं दिसलं की माहितीपर मजकूर कागदावर थोडा जास्त समजतो आणि वेळेची घाई असेल तर फरक आणखी वाढतो. फरक फार मोठा नाही, पण आहे. माझं असं की पहिली फेरी स्क्रीनवर आणि जे खरंच वाचायचं ठरलं तेच झेरॉक्सला. याने पैसे वाचतात आणि दुसरं म्हणजे झेरॉक्स काढला की वाचून झालं असं जे एक समाधान वाटतं ना, ते फसवं समाधान कमी होतं. माझ्याकडे अजून एक पिशवी आहे कापडाची, त्यातले झेरॉक्स २०२१ पासून उघडलेले नाहीत.

लेख मिळवायचे कुठून? प्रत्येक ठिकाणी पैसे मागतात.

आता परिस्थिती बरीच सुधारलीय. केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, त्यात ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली आहेत. कॅम्पसवरच्या नेटवर थेट उघडतात, घरून वाचायचं तर लायब्ररीत जाऊन लॉगिनचं विचारा. लाजू नका, लायब्ररीतल्या लोकांना कोणी काही विचारतच नाही, विचारलं की ते जीव लावून शोधून देतात. शोधगंगावर भारतातल्या विद्यापीठांचे थिसिस फुकट आहेत, तुमच्या विषयाजवळचा एक थिसिस काढून त्याचं लिटरेचर रिव्ह्यूचं प्रकरण आधी वाचा, कोणीतरी तुमच्यासाठी सहा महिने घासून ठेवलेत (उतरवायचं नाही, रस्ता शोधायचा).

गोव्यावर काही हवं असेल तर पणजीला पाटोवरची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी. ती १८३२ पासूनची आहे, जुनी वर्तमानपत्रं, पोर्तुगीज काळातली पुस्तकं, जे ऑनलाइन कुठेच नाही ते तिथे बसून बघता येतं. वर शांत असतं, खिडकीतून खाली बसस्टँडकडची सगळी पळापळ दिसते आणि आपण एसीत, हे मला फार आवडतं. पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आहे, इतिहासवाल्यांनी तिथे एकदा तरी जाऊन या.

झोटेरो वगैरे शिकायलाच पाहिजे का?

हो, पहिल्याच महिन्यात. एक दुपार लागते. झोटेरो म्हणजे लेख आणि संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, पीडीएफ त्यातच उघडतात, खुणा करता येतात, आणि शेवटी संदर्भसूची एका क्लिकवर तयार होते. ऑनलाइन साठवायला ३०० एमबी फुकट मिळतात ते लवकर भरतात, मग पीडीएफ लॅपटॉपवरच ठेवा आणि हार्ड डिस्कवर कॉपी करा. मी दुसऱ्या वर्षापर्यंत डेस्कटॉपवर "न्यू फोल्डर ७" असं चालवलं आणि एका पान नंबरासाठी दोन दिवस घालवले. फक्त एक सवय पाळा, प्रत्येक फाइलला टॅग लावा: चाळलं, वाचलं, परत लागेल. चाळलेलं आणि वाचलेलं यातला फरक स्वतःशी खरा ठेवला की व्हायवाला घाम फुटत नाही.

माझे सोर्स पोर्तुगीजमध्ये आहेत, काही मोडीत. आता काय?

आता दम घ्या, आणि आधी हे ठरवा की तुम्हाला ती भाषा बोलायची नाहीये, वाचायची आहे, तीही एकाच विषयातली. जमिनीच्या कागदात तेच तेच दोन-तीनशे शब्द येतात आणि त्यातले कितीतरी आपल्या आजीच्या तोंडात असतात. आफ्रामेंत (जमिनीचा कायमचा पट्टा), कोमुनिदाद, फोर (जमिनीचा खंड), इन्व्हेंतार (मालमत्तेची यादी). माझ्या आजीला पोर्तुगीज येत नाही पण दस्तऐवजातला अर्धा मायना तिने मला समजावलाय. सहा महिने आठवड्याला दोन वेळा क्लास केला की छापील पोर्तुगीज अडखळत का होईना वाचता येतं, हस्तलिखित हा वेगळा डोंगर आहे. आपलं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं, तिथे गेल्यावर समजतं की आपण आयुष्यभर वाचत राहिलो तरी एका कपाटाच्या पलीकडे जाणार नाही, आणि का कोण जाणे ते कळल्यावर मला हलकंच वाटलं होतं. मोडी त्या मानाने सोपी, मराठी येतंच, अक्षरं बसली की झालं, रोज अर्धं पान पंधरा मिनिटं. एकदम चार तास बसू नका, डोळे जातात.

तसं बघायला गेलं तर भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये आपल्याच जुन्या गोव्यात उतरला, म्हणजे हा कागदाचा डोंगर सुरू आपणच केलाय, तक्रार कोणाकडे करणार.

ग्रुपमध्ये वाटून वाचलं तर चालतं का?

चालतं, पण नियम लागतात. आम्ही चौघी होतो, चार लेख, प्रत्येकीने एक नीट वाचायचा आणि बाकीच्या तिघींसाठी एक पान करायचं, गुरुवारी कॅन्टीनला चहा घेत वीस-वीस मिनिटं बोलायचं. बघून वाचायचं नाही, सांगायचं. पहिल्याच महिन्यात एक जण नुसता सारांश वाचून आली, आणि आम्ही तिला सहज विचारलं की बाई, लेखकाने पुरावा काय दिला, तर ती पाच मिनिटं इतकं सुंदर गोलगोल बोलली की पुढे ती नक्की राजकारणात जाणार यावर आमचं एकमत झालं. त्यानंतर नियम केला, प्रत्येक पानावर एक अवतरण पान नंबरसकट हवंच. तो नियम केल्यावर फसवाफसवी थांबली. स्वतःच्या थिसिसचं वाचन मात्र वाटून होत नाही, हे कोर्सवर्कपुरतं.

चॅटजीपीटीकडून सारांश करून घेतला तर?

करतात सगळे, खोटं कशाला बोलू. मी पण कधी कधी एखादा किचकट परिच्छेद टाकून "हे सोप्या मराठीत सांग" म्हणते आणि मग मूळ परत वाचते, तेवढ्याला बरं आहे. पण "या विषयावरचे संदर्भ दे" असं कधी विचारू नका. मला एकदा इतका नेमका संदर्भ दिला, लेखकाचं नाव, वर्ष, खंड, पान सगळं, की मी दोन तास शोधत बसले, मग लायब्ररीतल्या मॅडम पण शोधायला बसल्या, आणि शेवटी कळलं की तो लेख जगात लिहिलाच गेलेला नाही. मॅडमच्या तोंडाकडे बघवेना. आणि सारांशात कधीच येत नाही ती गोष्ट म्हणजे लेखक कुठे चाचरला, कुठे घाईत पुढे गेला. तुमची "शंका"वाली ओळ तिथे असते.

घरी वाचायला जागा नाही, बसमध्ये वाचता येतं का?

मला बसमध्ये खाली बघितलं की मळमळतं, साखळी गाव यायच्या आत. मी बसमध्ये नवीन वाचत नाही, काल वाचलेलं आठवते. खिडकीला टेकून, लेखक काय म्हणाला, मी का भांडले. कोणाला दिसत नाही, झोपलीय वाटतं. तुम्हाला मळमळत नसेल तर भाग्यवान आहात, पहिली फेरी मोबाईलवर उरकून घ्या. दिवाडी-चोडण बेटांवरून फेरीबोटीने येणाऱ्यांना ती दहा मिनिटं खरंच छान मिळतात.

घराचं म्हणाल तर जागेपेक्षा वेळ शोधा. आमच्या घरी संध्याकाळी टीव्ही, पाहुणे, पोरं, मधेच आई डोकावून "कितें वाचता गो इतलें?" असं दर अर्ध्या तासाने. मी पहाटे पाच ते सात वाचते, तेव्हा फक्त कोंबडे असतात. अवघड लेख त्या दोन तासांत, रात्री फक्त टॅग लावणं, फाइली नीट करणं असली हमाली.

आणि चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीत वाचायला काही नेऊ नका. प्लीज. दरवर्षी सगळे पिशवी भरून झेरॉक्स नेतात, माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या, आरत्या, फुगड्या, जागरण, आणि ती पिशवी तशीच परत येते, वर अपराधीपणा फुकट. ते दिवस सोडून द्या आणि तारीख लावूनच सोडा.

नोकरी करून जमेल का?

जमतं पण आखावं लागतं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडी पार्ट-टाइम करता येते, किमान तीन वर्षं आणि साधारण सहा वर्षांची मर्यादा, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट्सचं. ते कोर्सवर्कचं वर्ष सगळ्यात जड, त्या काळात घरातलं लग्न वगैरे काढू नका जमलं तर. माझी एक मैत्रीण हायर सेकंडरीत शिकवते, ती म्हणते रोज एक तास आणि रविवारी चार, त्यात आठवड्याला तीन लेख नीट होतात. वर्षाला दीडशे. दीडशे नीट वाचलेले लेख म्हणजे खूप झालं.

गाईडनी दिलेलं वाचलं नाही तर तोंड कसं दाखवू?

वाचलं नाही असंच सांगा, पण त्याच वाक्यात काय वाचलं ते सांगा. "सर, पाचातले दोन नीट वाचले, बाकीचे चाळले, या दोघांचं एकमेकांशी पटत नाही असं वाटतं." या वाक्यावर कुठलेही सर चिडत नाहीत. मीटिंग चुकवणं सगळ्यात वाईट, एकदा चुकवली की दुसरी आणखी अवघड होते, मी एकदा असे तीन महिने काढलेत, कॉरिडॉरमध्ये त्यांची चप्पल वाजली की बाथरूममध्ये शिरायचे.

हे पुढे सोपं होतं का?

होतं, आणि कारण साधं आहे. प्रत्येक लेखाची पहिली सात-आठ पानं तीच माहिती सांगत असतात. माझ्या विषयात प्रत्येक जण १५२६च्या आफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या फोरालपासून (सनदेपासून) सुरुवात करतो, गावकऱ्यांच्या चालीरीती त्यात नोंदवून घेतल्या वगैरे. पहिल्यांदा ते मला समजायला अख्खा आठवडा लागला. आता फोराल शब्द दिसला की मी चार पानं उलटते आणि थेट हा माणूस नवीन काय म्हणतोय तिथे जाते. पहिले तीस-चाळीस लेख जड जातात, मग तेच ते लोक एकमेकांना कोट करताना दिसायला लागतात, वाड्यावरची माणसं ओळखीची होतात तसं. नवीन लेख उघडला आणि त्याच्या संदर्भांतलं बहुतेक ओळखीचं निघालं की समजा रिव्ह्यू लिहायला घ्यायची वेळ झाली.

रडू येतं, झोप लागत नाही, सगळं सोडून द्यावंसं वाटतं.

एखादा आठवडा असं वाटणं आमच्यात सगळ्यांना झालंय, त्यात वाचन बंद ठेवा, झोपा, समुद्रावर जा, मैत्रिणीला फोन करा. पण दोन-तीन आठवडे झोपच नाही, जेवण नाही, असं असेल तर तो वाचनाचा प्रश्न नाही आणि यातली कुठलीही टीप उपयोगाची नाही. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, कुठल्याही वेळी. मी केलेला आहे तो फोन.

शेवटचा आणि दर जूनला येणारा प्रश्न: झेरॉक्सला बुरशी आलीय.

येणारच. मे संपायच्या आत सगळ्या स्टेपलच्या पिना काढा, पावसात त्या गंजतात आणि कोपरा गळून पडतो, त्याऐवजी प्लास्टिकची क्लिप किंवा सरळ दोरा. कागद भिंतीला लागून ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला तर अजिबात नाही. बुरशी आलीच तर तोंडाला फडकं बांधून बाहेर व्हरांड्यात कोरड्या मऊ ब्रशने झाडायची, ओल्या फडक्याने पुसायची नाही, ती आणखी पसरते. पान आधी हवेशीर जागी सुकवायचं. आणि समासातल्या पेन्सिलीच्या नोंदींचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, लेख परत मिळतो, त्या नोंदी मिळत नाहीत.